विश्लेषण : मेढ्यातून जर्मन-जपानी शिकायला निघालं, तर वाट नेमकी कुठे अडते?

परदेशी भाषा शिकून बाहेर जाण्याच्या संधींच्या बातम्या आता जावळी तालुक्यातल्या मोबाइलवरही येऊन पोहोचतात. पण मेढ्यातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला जर्मन किंवा जपानीच्या वर्गात बसण्याआधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. विद्यापीठांनी तो तिथे ठेवायलाच हवा का?

हा विषय आत्ताच का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. सुरुवातीला १० हजार कुशल कामगार पाठवायचे, असं ठरलं. त्यात नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक असे अनेक व्यवसाय आहेत. या उमेदवारांना मोफत जर्मन शिकवण्याचा शासन निर्णय जुलै २०२४ मध्ये निघाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट ठेवलं. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल मनुष्यबळाचा समावेश आहे.

आकडे वेगवेगळे असले तरी अट एकच आहे. भाषेची परीक्षा आधी, व्हिसा नंतर. जर्मनीत नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर साधारण बी-२ पातळीची जर्मन यावी लागते, काही ठिकाणी बी-१ पासून सुरुवात करता येते. जपानच्या ‘विशिष्ट कुशल कामगार’ व्हिसासाठी जेएलपीटी परीक्षेची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते.

कामासाठी गाव सोडणं जावळीला नवं नाही. इथल्या कित्येक घरांतला कर्ता माणूस मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून राबला आहे. मेढ्याहून मुंबईला जायला कुणी भाषेचा दाखला मागितला नव्हता. आता मागितला जातो आणि तो मिळवायला वर्ष-दोन वर्षं घालवावी लागतात. म्हणून ती दोन वर्षं कुठे, कशी आणि कोणत्या माध्यमातून घालवायची, हा प्रश्न इथल्या बारावी झालेल्या मुलामुलींच्या पोटाशी जोडलेला आहे.

विद्यापीठात नेमकं काय शिकता येतं?

मेढ्यातलं महाविद्यालय कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. या विद्यापीठात विदेशी भाषा विभाग आहे, तिथे रशियन, जर्मन, जपानी शिकवल्या जातात. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचा विभाग आहे. जेएलपीटी परीक्षेचं केंद्रही पुण्यात आहे. पोर्तुगीज शिकायची असेल तर गोवा विद्यापीठ हे नाव आधी घ्यावं लागतं.

या विभागांत साधारण दोन वाटा असतात. एक वाट प्रमाणपत्र, पदविका, उच्च पदविका अशी पायरीपायरीने जाणारी, बहुतेकदा अर्धवेळ. दुसरी पूर्णवेळ बीए, एमएची. दिल्लीचं जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचं इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस विद्यापीठ इथे बारावीनंतर थेट परदेशी भाषेत बीए करता येतं आणि ती भाषा आधी आलेली नसली तरी चालतं. जेएनयूचा प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतो. ही परीक्षा १३ भाषांत होते, मराठी त्यात आहे. मात्र निवडलेल्या अभ्यासक्रमाला इंग्रजीचा पेपर वेगळा लागतो का, हे अर्ज भरण्याआधी तपासून घ्यायला हवं. अनेकांचा घोळ तिथेच होतो.

भाषेबरोबर आणखी एक विषय येतो, आंतरसांस्कृतिक संवाद. नाव भारदस्त आहे, आशय साधा. दोन वेगळ्या समाजांतली माणसं एकच भाषा बोलत असूनही एकमेकांचा गैरसमज का करून घेतात आणि तो कसा टाळायचा, याचा हा अभ्यास. त्याची सुरुवात विद्यापीठापेक्षा सरकारी गरजेतून झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत एडवर्ड हॉल हे मानवशास्त्रज्ञ शिकवत होते. परदेशात जाणाऱ्या अधिकाऱ्यांना व्याकरण पाठ करून भागत नव्हतं. वेळेचं भान, दोन माणसांमधलं अंतर, गप्प राहण्याचा अर्थ या गोष्टी शब्दकोशात सापडत नव्हत्या. हॉल यांचं ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक १९५९ मध्ये आलं. पुढे १९७६ मध्ये त्यांनी एक भेद मांडला. काही समाजांत बरंचसं बोलणं न बोलताच समजून घ्यायचं असतं, तर काही समाजांत शब्दांत सांगितलं तेवढंच धरतात.

मराठी माणसाला हे उदाहरणाने लगेच कळेल. उसने पैसे मागायला आलेल्याला ‘बघू’ म्हटलं की तो समजून जातो. जपानमध्येही ‘विचार करतो’ हे अनेकदा नकाराचंच सौम्य रूप असतं. जर्मन माणूस मात्र ‘बघू’ ऐकून चार दिवसांनी विचारायला येईल, ‘बघितलंत का?’

क्रेडिटचं गणित जुळतं का?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्य विषय आले. २०२० च्या या धोरणात माध्यमिक पातळीवर शिकवता येतील अशा परदेशी भाषांत कोरियन, जपानी, थाय, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन यांची नावं आहेत. त्यामुळे ‘आमच्याकडे जर्मनही आहे’ असं माहितीपत्रकात छापणं महाविद्यालयांना सोपं झालं. इथे थोडा हिशेब करू.

एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं अध्यापन. दोन क्रेडिटचा विषय म्हणजे सत्रात ३० तास. ४५ मिनिटांची एक तासिका धरली तर या झाल्या ४० तासिका. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार अगदी पहिल्या, म्हणजे ए-१ पातळीला ८० ते २०० तासिका लागतात. बी-१ ला एकूण ३५० ते ६५०. बी-२ ला ६०० ते ८००.

म्हणजे दोन क्रेडिटचा विषय घेऊन उत्तीर्ण झालेला विद्यार्थी ए-१ च्या किमान गरजेच्या निम्म्यावर असतो. त्याच गतीने बी-२ गाठायचं तर १५ ते २० सत्रं लागतील. पदवीला सत्रं असतात सहा, फार तर आठ. गुणपत्रिकेवर ‘जर्मन’ दिसेल, पण त्या गुणपत्रिकेवर नोकरी मिळणार नाही, पुढचा वर्गही मिळणार नाही. ही फसवणूक कुणी जाणूनबुजून करत नसेल. पण तास न मोजता स्वप्न विकलं तर परिणाम तोच होतो.

अंतराचाही हिशेब आहे. मेढा ते सातारा पंचवीसेक किलोमीटर. साताऱ्याहून पुणे शंभराच्या वर, कोल्हापूर सव्वाशेच्या आसपास. अर्धवेळ वर्ग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरतात. पुण्यात राहून नोकरी करणाऱ्याला ते सोयीचे. मेढा आगाराच्या एसटीवर अवलंबून असलेल्याला खोली घेऊन राहण्याशिवाय इलाज नाही आणि खोलीचं भाडं वर्गाच्या शुल्काला मागे टाकतं.

ऑनलाइनचा पर्याय आहे आणि तो चांगला आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ व एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासचे जर्मनचे आणि आयआयटी कानपूरचा जपानीचा अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. मात्र ते समजावून सांगतात इंग्रजीतून. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे सोप्या जपानीचे धडे हिंदी, बंगाली, उर्दूतून मिळतात. मराठी त्या यादीत नाही.

अडचण जर्मनची की इंग्रजीची?

जर्मनच्या वर्गात गळती झाली की ‘जर्मन अवघडच आहे’ असं म्हटलं जातं. थोडं जवळून पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. मराठी माध्यमाचा विद्यार्थी वर्गात दोन परदेशी भाषा एकाच वेळी शिकत असतो. जर्मनचा नियम समजून घ्यायच्या आधी त्या नियमाचं इंग्रजी समजून घ्यायचं. गंमत अशी की जर्मन आणि जपानीतल्या ज्या गोष्टी इंग्रजीतून विचित्र वाटतात, त्यातल्या कितीतरी मराठीत आधीपासून आहेत.

जर्मनमध्ये ‘मी आजारी आहे म्हणून’ हे असं सांगतात : ‘वाइल इश क्रांक बिन’. शब्दाखाली शब्द ठेवा. वाइल म्हणजे कारण, इश म्हणजे मी, क्रांक म्हणजे आजारी, बिन म्हणजे आहे. ‘कारण मी आजारी आहे.’ एकही शब्द हलवावा लागला नाही. इंग्रजीतून शिकवताना मात्र ‘अशा वाक्यात क्रियापद शेवटी ढकललं जातं’ असा एक खास नियम सांगतात, त्यावर पानभर सराव देतात आणि पोरं घाबरतात. मराठी बोलणाऱ्याचं क्रियापद जन्मापासून शेवटीच असतं. (साध्या जर्मन वाक्यात ते दुसऱ्या जागी येतं. सराव खरं तर त्याचा लागेल.)

लिंगांचंही तसंच. इंग्रजीत वस्तूंना लिंग नाही, हिंदीत दोन, मराठीत तीन आणि जर्मनमध्येही तीन. मूल हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी, जर्मन ‘किंड’ही नपुंसकलिंगी. पुस्तक तसंच, ‘बुख’ही तसंच. जर्मनमध्ये ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी, याचं इंग्रजी पुस्तकांना फार आश्चर्य वाटतं. कोकणात मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगीच चालतो. तेव्हा जावळीच्या घाटाखाली उतरलं की हे आश्चर्य संपतं. अर्थात सगळं जुळत नाही. सूर्य मराठीत पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. दार मराठीत नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. ते पाठच करावं लागतं. पण तीन लिंगं असतात आणि त्यानुसार वाक्यातले इतर शब्द बदलतात, ही कल्पना पचवायला वेगळे तास घालवावे लागत नाहीत.

तू आणि तुम्ही हा भेद जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’ असा आहे. उच्चारांतही मराठीचा फायदा होतो. चमच्यातला ‘च’ आणि चंद्रातला ‘च’ वेगळा, हे मराठी कानाला कळतं. जर्मन ‘त्साइट’ (वेळ) आणि जपानी ‘त्सुनामी’ यांची सुरुवात चमच्यातल्या ‘च’जवळची आहे. इंग्रजीतून शिकणारे त्या आवाजाशी झगडतात.

जपानी तर अधिकच जवळ येते. वाक्याची रचना कर्ता, कर्म, क्रियापद अशी मराठीसारखी. विभक्ती प्रत्यय नामाच्या मागून लागतात, तेही मराठीसारखेच. ‘मेढा नि’ म्हणजे मेढ्यात. ‘ताबेते मिरु’ यात ताबेते म्हणजे खाऊन आणि मिरु म्हणजे बघणे. ‘खाऊन बघणे.’ अर्थही तोच, चव घेऊन पाहण्याचा. इंग्रजीतून शिकवायचं तर यासाठी वेगळा धडा लागतो. मराठीत एक ओळ पुरते.

जपानी कानाची वर्णमालाही ओळखीची वाटेल. का, कि, कु, के, को असा एक गट, मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे गेला. त्यामुळे बाराखडी म्हटलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. पुढे कांजी चिन्हं येतात तेव्हा मात्र मराठीचा काही उपयोग नाही. रोजच्या वापरासाठी निश्चित केलेल्या कांजींची संख्या २,१३६ आहे, ती लिहून लिहूनच येतात.

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेच्या हिशेबात जपानीला सुमारे २,२०० तास लागतात आणि ती सर्वांत कठीण गटात मोडते. हा आकडा इंटरनेटवर सर्रास फिरतो. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्या अमेरिकी अधिकाऱ्यांसाठी काढलेला आहे. मेढ्यातल्या विद्यार्थ्याने तो पाहून आपली उमेद खचू देण्याचं कारण नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. चांगल्या संस्थांत पहिल्या दिवसापासून जर्मन जर्मनमधूनच शिकवतात, मग इंग्रजी-मराठीचा प्रश्न येतो कुठे? येतो तो शंका विचारताना. गृहपाठाच्या सूचनांत, शब्दकोशात, शेजारच्या विद्यार्थ्याशी बोलताना, अर्ज भरताना येतो. वर्गात हात वर करून ‘सर, हे कळलं नाही’ हे कोणत्या भाषेत म्हणायचं, यावर विद्यार्थी टिकतो की सोडून जातो हे बरंचसं ठरतं. दुसरा आक्षेप, बाहेर गेल्यावर इंग्रजी लागतंच. लागतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण ते जर्मनबरोबर शिकता येईल. जर्मनच्या आधीची चाळणी म्हणून ते का ठेवायचं?

भाषा आली, पण ‘आजी’ म्हटलं तर?

समजा, जावळीतली एक नर्स बी-२ उत्तीर्ण होऊन जर्मनीतल्या एखाद्या वृद्धाश्रमात रुजू झाली. ऐंशी वर्षांच्या बाईंना ती प्रेमाने ‘ओमा’, म्हणजे आजी, अशी हाक मारते. मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात अशी हाक मारली नाही तर मुलीला वळण नाही म्हणतील. जर्मनीत मात्र परक्या वृद्धेला ‘ओमा’ म्हणणं हे तिला लहान लेखणं समजलं जातं. तिथे ‘फ्राउ’ लावून आडनाव आणि सोबत आदरार्थी ‘झी’ हवं. जपानमध्ये रस्त्यावर अनोळखी वृद्धेला ‘ओबाआसान’ म्हणजे आजी म्हणण्याची पद्धत आहे. पण तिथेही सेवा देणाऱ्या संस्थांत नावाला ‘सान’ जोडून बोलणं योग्य मानतात. व्याकरणाच्या परीक्षेत याला गुण नसतात.

आणखी एक उदाहरण थेट औषधाशी संबंधित आहे. वरिष्ठ विचारते, ‘गोळी अजून दिली नाही ना?’ मराठीत ‘हो’ म्हटलं तर अर्थ होतो, हो, नाही दिली. जपानीत ‘हाइ’चा अर्थही तसाच होईल. जर्मनमध्ये मात्र गोळी दिली नसेल तर ‘नाइन’ म्हणतात आणि दिली असेल तर ‘डॉख’. नुसतं ‘या’ म्हटलं तर समोरच्याला गोळी दिली असं वाटू शकतं. ‘डॉख’ला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘की’. ‘दिली की!’ इंग्रजीत त्याला एका शब्दाचा पर्याय नाही. मराठीतून शिकवणारा शिक्षक असेल तर ही गोष्ट दोन मिनिटांत डोक्यात बसेल आणि सहसा विसरली जाणार नाही.

जपानमध्ये फोनवर समोरचा सारखा ‘हाइ, हाइ’ म्हणत असतो. ते आपल्या ‘हं... हं’सारखं आहे. ऐकतोय एवढाच अर्थ, होकार नव्हे. कामाच्या स्वरूपाचाही धक्का बसतो. आपल्याकडे रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं हे नातेवाईक, मावशी किंवा वॉर्डबॉय करतात. जर्मनीत तो नर्सच्या कामाचा भाग आहे. हे आधी माहीत नसेल तर तिथे गेलेल्या प्रशिक्षित नर्सला आपला दर्जा उतरवला असं वाटतं आणि सहकाऱ्यांना वाटतं, ही काम टाळते. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणूनच आंतरसांस्कृतिक संवाद हा एमएच्या शेवटच्या सत्रात शोभेसाठी ठेवण्याचा विषय नाही. तो ए-१ च्या पहिल्या महिन्यापासून हवा, आणि उदाहरणं लंडन-न्यूयॉर्कची घेण्यापेक्षा मेढा-साताऱ्याची हवीत.

या भागाला हे खरंच नवं आहे का?

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ भागातले गलाई व्यावसायिक सोनं-चांदी शुद्ध करायला तमिळनाडू, केरळपासून उत्तर प्रदेश, बंगालपर्यंत पसरले आहेत. दहावी-बारावी झालेला मुलगा मामाच्या किंवा चुलत्याच्या दुकानात जातो आणि वर्ष-दोन वर्षांत तमिळ किंवा मल्याळम बोलू लागतो. कोणत्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, घासाघीस कुठे थांबवायची, सणाला काय पाठवायचं हेही शिकतो. सोन्याच्या धंद्यात विश्वास गमावला तर सगळंच गमावलं. तेव्हा हा आंतरसांस्कृतिक संवादच आहे, आणि तोही चुकीला माफी नसलेला. यासाठी त्याला कुणी क्रेडिट देत नाही. विद्यापीठांना या विषयाचा स्थानिक अभ्यास करायचा असेल तर विट्यापासून सुरुवात करता येईल.

इतिहासातही दुभाष्यांची कमी नाही. १६५९ मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट ठरली ती अफजलखानाचे वकील कृष्णाजी भास्कर आणि शिवाजी महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांच्या बोलण्यांतून. भेट कुठे, सोबत किती माणसं, हे सगळं त्यांनी ठरवलं. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडनसोबत नारायण शेणवी हे दुभाषी होते. शब्दांच्या या कामाचं मोल तेव्हाच्या राज्यकर्त्यांना कळत होतं. प्रतापगडासह बारा किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परदेशी पर्यटकाला त्याच्या भाषेत गड दाखवू शकणारा जावळीचा वाटाड्या, हा एक रोजगार तर गावाजवळच आहे.

आणि शेजारच्या फलटणमध्ये याच्या उलट दिशेचं उदाहरण आहे. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या, मराठी शिकल्या, फलटणला स्थायिक झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि प्रगत शिक्षण संस्था उभी केली. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी मराठीच्या अभ्यासाची पुस्तकं तयार केली. १९७५ चं त्यांचं मराठी व्याकरण आजही संदर्भासाठी वापरलं जातं. अमेरिकी विद्यार्थ्याला मराठी शिकताना त्याच्या भाषेतून समजावणारं पुस्तक असावं, याची काळजी सातारा जिल्ह्यात बसून घेतली गेली. मग साताऱ्याच्या विद्यार्थ्याला जर्मन त्याच्या भाषेतून समजावणं अशक्य कसं मानायचं?

मग करायचं काय?

केरळने याबाबतीत आपल्या पुढे जाऊन दाखवलं आहे. तिथल्या नोर्का-रूट्स या सरकारी संस्थेने २०२१ मध्ये जर्मनीच्या यंत्रणांशी करार करून नर्सना भाषेसह पाठवण्याची साखळी उभी केली. प्रशिक्षण, परीक्षा, नोकरी ही सगळी एकाच दोरीत ओवलेली. महाराष्ट्राचा करार संख्येने मोठा आहे, पण तालुका पातळीवर शिकवणार कोण, हा त्याचा कच्चा दुवा आहे.

शिवाजी विद्यापीठात मराठी विभाग आहे आणि विदेशी भाषा विभागही. दोघांनी मिळून मराठीतून जर्मन आणि मराठीतून जपानी अशी दोन प्राथमिक पुस्तकं ए-१, ए-२ आणि एन-५, एन-४ पातळीसाठी तयार करायला फार मोठा निधी लागणार नाही. शब्दांखाली शब्द, वाक्याखाली वाक्य आणि सोबत मोबाइलवर ऐकता येतील असे ध्वनिमुद्रित धडे. बी-१ च्या पुढे मराठीची कुबडी आपोआप सुटते, तेव्हा त्यापुढची पुस्तकं जर्मनमध्येच असलेली बरी.

साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. ज्या संस्थेने खेड्यातल्या मुलांना शाळेपर्यंत आणलं, तिच्या संस्थापकांच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठाकडून शनिवार-रविवारच्या वर्गाची अपेक्षा करणं गैर नाही. मेढा, कुडाळ, करहर इथून सकाळच्या एसटीने येऊन संध्याकाळी परत जाता येईल असं ते अंतर आहे. दोन-दोन क्रेडिटचे सुटे तुकडे देण्याऐवजी चार क्रेडिटची सलग चार सत्रं ठेवली तर २४० तास, म्हणजे ३२० तासिका होतात. ए-२ ची पातळी त्यात बसते आणि बी-१ चा उंबरठा दिसू लागतो. वर्ग भरणार नाहीत, अशी भीती प्राचार्यांना वाटते. ती खरीही ठरू शकते. म्हणून एका तालुक्याचा वर्ग न करता सातारा-सांगलीचा मिळून एक ऑनलाइन वर्ग आणि महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष भेट, हा मध्यममार्ग आधी करून पाहावा.

एजंटांचा धोका वेगळाच आहे. ‘भाषेशिवाय जर्मनी’ अशी जाहिरात दिसली तर ती पुढे पाठवण्याआधी थांबावं. परदेशी नोकरीसाठी भरती करणारी संस्था परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, हे मोबाइलवरच तपासता येतं.

प्रवेश सुरू झाले की वर्ग लावण्याआधी पालक आणि विद्यार्थ्यांनी संस्थेला चार गोष्टी विचाराव्यात. एकूण तास किती? शेवटी कोणत्या पातळीची आणि कुणाची परीक्षा देता येईल? त्या परीक्षेचं शुल्क वर्गाच्या शुल्कात आहे की वेगळं? आणि शंका मराठीत विचारली तर चालेल का?